फटफटीचं नाक

डॉक्टर पटवेकरांनी मला विचारलेला पहिला प्रश्न होता, "तुम्हाला सर्दी होते का हो?"

मी पाथर्डीच्या जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून रुजू व्हायला आलो होतो. खिशात नेमणुकीचा हुकूम होता आणि अंगात त्याच सकाळी घडी मोडलेला पांढरा शर्ट. दवाखान्याच्या अंगणात लिंबाखाली एक उंच, हाडकुळे गृहस्थ उकिडवे बसून घमेल्यात काहीतरी खळबळत होते. घमेल्यात पाणी नव्हतं, रॉकेल होतं. गळ्यात स्टेथोस्कोप लोंबत होता, म्हणून डॉक्टर हेच असं मी धरून चाललो. नोकरीवर हजर होताना सर्दीबद्दल काय सांगायचं असतं, हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं.

"कधीमधी होते," मी म्हणालो.

"कधीमधी चालेल. आपल्या धंद्यात नाक जागं लागतं. जखम भरतेय की कुजतेय, हे डोळ्यांच्या आधी नाकाला कळतं. हे धरा."

त्यांनी एक गोल, तारेची, ऑइलने माखलेली जाळी माझ्या हातात ठेवली आणि ते चिंधी शोधायला उठले. ऑइल माझ्या मनगटावरून सावकाश बाहीत शिरलं. तो शर्ट पुढे मी घरात झोपताना घालायचो. हुकूम त्यांनी संध्याकाळी वाचला आणि त्याच्यावरही काळा अंगठा उमटवून परत दिला.

ती जाळी त्यांच्या मोटरसायकलची होती. लोक तिला फटफटी म्हणत आणि डॉक्टर प्रत्येक वेळी दुरुस्ती करत, "मोटरसायकल म्हणा." लोक मान डोलवून पुन्हा फटफटीच म्हणत. नगरच्या लष्करी लिलावातून त्यांनी ती उचललेली. महायुद्धात कुठल्याशा वाळवंटात पळवण्यासाठी ती बांधली होती, असं ते सांगत, आणि त्यावर माझा विश्वास बसे. कारण तिचा हिरवा रंग जिथे खरवडला होता तिथे खालून वाळूचा पिवळा रंग डोकावायचा. उंच बांधा, रुंद हँडल, जाड दातेरी टायर. जिथे जीप माघारी फिरे तिथून ही पुढे जायची. नदीच्या पात्रातून, नांगरटीतून, मुरमाच्या चढावरून ती हत्तीच्या निवांतपणाने चालायची, फक्त आवाज तेवढा हत्तीचा नव्हता.

तिचं वेगळेपण मात्र तिच्या टाकीवर होतं. पेट्रोलच्या टाकीवर मधोमध पत्र्याचा एक गोल डबा बसवलेला होता आणि त्यातून एक रबरी नळी खाली इंजिनात गेलेली. इंजिनाला लागणारी हवा या डब्यातून जायची. डब्याच्या तळाशी थोडं ऑइल आणि वर ऑइलने भिजलेली ती जाळी. धूळ ओल्या जाळीला चिकटून बसते, चांगली हवा पुढे जाते, इतकी साधी गोष्ट. पण बघणाऱ्याला तो जेवणाचा डबा वाटायचा. एका गावच्या पाटलीणबाई मोठ्या आग्रहाने म्हणाल्या होत्या, "डाक्टर, डबा रिकामा असंल तर द्या हिकडं, पिठलं भरून देते."

डॉक्टर त्या डब्याला "नाक" म्हणत. जनावर असो, मोटरसायकल असो, माणूस असो, त्यांची तपासणी नाकापासून सुरू व्हायची. बैल पुढे आणला की लोक पाय दाखवत, शिंगं दाखवत, दात दाखवत. डॉक्टर त्याच्या नाकपुड्यांसमोर तळहात धरून डोळे मिटून उभे राहत. दोन्हीकडून श्वास सारखा येतो का, ऊन आहे की गार, ओला आहे की कोरडा. मग डोळे उघडून म्हणत, "आता पाय दाखवा."

तसंच ते मोटरसायकलचं करत. निघायच्या आधी किक मारून इंजिन चालू करायचे आणि मग डब्याच्या तोंडावर तळहात गच्च दाबून धरायचे. इंजिन घुसमटायचं, दोन आचके द्यायचं आणि बंद पडायचं. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर समाधान पसरायचं.

"बंद पडली. निरोगी आहे."

नवख्या माणसाला हे कोडंच वाटे. एवढी मेहनत करून चालू केलेली गाडी हा गृहस्थ आपल्याच हाताने बंद पाडतो आणि वर खूश होतो! पण त्यामागे हिशेब होता. तोंड दाबल्यावरही इंजिन चालूच राहिलं, तर कुठेतरी फट आहे. नळी सुटलीय किंवा पट्टी ढिली झालीय, आणि हवा चोरवाटेने आत जातेय. त्या हवेबरोबर धूळही जाते आणि इंजिन आतून खरवडून काढते. "मारणारी धूळ दिसत नाही, भागवतराव. दिसते ती डोळ्यात जाते. न दिसणारी इंजिनात जाते." एवढं बोलून ते पुन्हा किक मारायचे. मी मागच्या सीटवर औषधांची पेटी मांडीवर घेऊन हे सगळं रोज बघायचो आणि मनात म्हणायचो, एक दिवस तरी हा सोपस्कार चुकू दे. तो कधी चुकला नाही.

जाळी ते स्वतः धुवायचे. मला घमेलं धरायची परवानगी होती, चिंधी द्यायची होती, जाळीला हात लावायची नव्हती. पहिल्या दिवशी ती माझ्या हातात दिली होती ती केवळ टांगायची खुंटी मोकळी नव्हती म्हणून, हे मला मागाहून कळलं. रॉकेलमध्ये धुवायची, झटकायची, सावलीत वाळवायची, मग ताज्या ऑइलमध्ये बुडवायची आणि निथळत टांगायची. जादा ऑइल राहिलं तर तेच इंजिन ओढून घेतं, म्हणून शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबायचं. तेवढ्या वेळात तालुक्याचे साहेब आले तरी त्यांनाही थांबायला लागायचं, आणि ते थांबायचे.

वहिनींचा, म्हणजे डॉक्टरांच्या मंडळींचा, या नाकावर राग होता. रॉकेल रेशनवर मिळायचं. "स्टोव्ह कोरडा पडलाय आणि हिच्या नाकाला मात्र रोज अभ्यंग," असं त्या मला ऐकवायच्या, कारण डॉक्टरांना ऐकवून उपयोग नव्हता. डॉक्टरांनी त्यावर तोड काढली होती. वापरलेलं रॉकेल ते बाटल्यांत भरून खिडकीत निवळायला ठेवत. गाळ खाली बसला की वरचं पुन्हा वापरायचं. पाहुणे आले की त्यांना त्या बाटल्या कसल्यातरी काढ्याच्या वाटत, आणि डॉक्टर गंभीर चेहऱ्याने सांगत, "श्वासाच्या विकारावर आहे."

या माणसाला स्वतःबद्दल शंका कशी ती ठाऊक नव्हती. घोडेगावच्या बाजारात आम्ही नेहमी जायचो. तिथे जनावरांचा व्यवहार रुमालाखाली होतो. घेणारा आणि देणारा एकमेकांचा हात रुमालाखाली धरतात, बोटांनी भाव सांगतात, आजूबाजूच्यांना पत्ता लागत नाही. एकदा डॉक्टर बाजाराच्या कडेला बसून जाळी साफ करत होते. एक बडा व्यापारी, खांद्यावर नवंकोरं पांढरंशुभ्र उपरणं, बराच वेळ मोटरसायकलकडे बघत उभा राहिला. मग त्याने उपरणं पुढे केलं आणि मिश्किलपणे म्हणाला, "डाक्टर, हिचा सौदा करायचा का? घाला हात."

मला वाटलं डॉक्टर चिडतील. त्यांनी शांतपणे हात उपरण्याखाली घातला. व्यापाऱ्याने बोटं धरली, दाबली, भाव सांगितला. डॉक्टरांनी मूठ मिटली. त्याने पुन्हा बोटं उकलायचा प्रयत्न केला, मूठ उघडेना. भोवती माणसं जमली. शेवटी डॉक्टरांनी हात बाहेर काढला तेव्हा कळलं की ऑइलने भरलेला हात त्यांनी पुसलाच नव्हता. उपरण्यावर काळी पाचही बोटं उमटली होती आणि व्यापाऱ्याचा पंजाही काळा झाला होता.

"सौदा न्हाई झाला," व्यापारी उपरण्याकडे बघत म्हणाला, "पर नजराना लई मिळाला." सगळा बाजार हसला. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी त्या व्यापाऱ्याच्याच बैलाच्या नाकासमोर तळहात धरला आणि म्हणाले, "याची डावी नाकपुडी बंद आहे. विकू नका, दवाखान्यात आणा." त्याने खरंच आणला.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. त्या दिवसांत आमच्या तालुक्यात पाण्याखालोखाल कसली आठवण येत असेल तर ती फुफाट्याची. रस्त्यावर घोट्याएवढी भुकटी साचलेली, पाऊल टाकलं की वर उडायची आणि वाऱ्यावर तशीच रेंगाळायची. माणसं खडी फोडायच्या कामावर, जनावरं छावण्यांत. डॉक्टर आता जाळी दिवसातून एकदा नव्हे, वाटेत थांबूनही धुवायचे. रॉकेलची बाटली आणि ऑइलचा छोटा डबा कायम पेटीत असायचा.

अशात एका सकाळी निरोप आला की डोंगरापलीकडच्या छावणीत घटसर्प शिरला. घटसर्पात जनावराचा गळा सुजतो, घरघर लागते आणि श्वास कोंडून ते जातं. शेकड्याने जनावरं दावणीला खेटून बांधलेली, एकाचं दुसऱ्याला व्हायला वेळ लागणार नव्हता. नगरहून एस.टी.च्या ड्रायव्हरच्या हाती लस आली, मोठ्या थर्मासमध्ये, बर्फात. बर्फ संध्याकाळपर्यंत टिकला असता. तो वितळला की लस वाया, आणि दुसरी मागवेपर्यंत छावणी रिकामी झाली असती. डोंगराच्या वाटेने जीप जात नव्हती. डॉक्टरांनी तळहात ठेवून गाडी बंद पाडली, पुन्हा चालू केली आणि आम्ही निघालो. थर्मास माझ्या मांडीवर, पोटाशी धरलेला.

अर्ध्या वाटेवर वावटळीने आम्हाला गाठलं. काही दिसेना. डॉक्टरांनी वेग कमी केला, पण इंजिनाचा आवाज जड झाला, मग ते अडखळायला लागलं. "दम कोंडलाय तिचा," म्हणत त्यांनी गाडी एका वस्तीवर घातली.

वस्ती ठकूबाईची होती. घरात ती एकटीच. नवरा आणि मुलगा ऊसतोडीला कोपरगावकडे गेलेले, बैल छावणीत. आम्ही कोण, कुठे निघालो हे कळताच ती म्हणाली, "माझा चांद्या तिथंच हाय की! कपाळाला चांद हाय बगा त्येच्या. त्यो बरा हाय न्हवं?"

"त्यालाच बघायला चाललोय," डॉक्टर म्हणाले आणि डबा उघडून बसले. जाळी मातीने लिंपल्यासारखी झाली होती. त्यांनी ती बाटलीतल्या रॉकेलने धुतली, तळातलं काळं ऑइल एका पत्र्यावर उपसून ठेवलं. पेटीतला ऑइलचा डबा उपडा करून शेवटच्या थेंबापर्यंत भांड्यात ओतला, त्यात जाळी बुडवली आणि अंगणातल्या खुंटीला निथळायला लावली. भांडं तिथेच खाली.

"ह्ये तेल दाराला चोपडू का?" ठकूबाईने पत्र्यावरच्या काळ्या तेलाकडे बोट करून विचारलं. "वाळवी लागलीया चौकटीला."

"खुशाल चोपडा."

तेवढ्यात शेजारच्या वस्तीवरून एकजण धावत आला. गाय बसली होती, उठत नव्हती. जाळी निथळेपर्यंत वेळ होताच, म्हणून आम्ही गेलो. गाय भुकेने बसली होती. डॉक्टरांनी तिला इंजेक्शन दिलं, चौघांनी मिळून उठवली आणि आम्ही परत आलो.

खुंटीवर जाळी चकाकत होती.

चकाकत होती म्हणजे अक्षरशः. तिची एकेक तार उन्हात वेगळी दिसत होती. शेजारी ठकूबाई, दोन्ही हात कोपरापर्यंत राखेने पांढरे, चेहऱ्यावर कौतुकाची वाट बघण्याचा भाव. "लई राप बसला हुता, डाक्टर. चिक्कट, काळं. तुमी रॉकेलनं धुतली तरी जाईना त्यो. म्या राखंनं घासली, चिंच लावली. दोन वंजळीत काढली, पानी बी जास्ती घातलं न्हाई. आता कशी देवापुढं ठिवावी अशी झालीया."

भांडंही घासलेलं होतं. त्यातलं ताजं ऑइल दाराच्या चौकटीवर, काळ्या ऑइलच्या वर, नीट चोपडलेलं दिसत होतं. तिने तेल तेल म्हणून सगळंच दाराला लावलं होतं. दारी आलेल्याची वस्तू मळकी परत द्यायची नाही, एवढंच तिच्या मनात होतं.

मी थर्मास पोटाशी आणखी घट्ट धरला. जाळीला माझा हात लागला तरी ज्यांच्या भुवया वर जात, ते डॉक्टर आता काय बोलतील याची मला धास्ती वाटत होती. कोरडी जाळी म्हणजे नुसती चाळण. या फुफाट्यात डोंगर चढायचा तर वाटेतच इंजिन खलास होणार, हे मलाही कळत होतं.

डॉक्टरांनी जाळी खुंटीवरून काढली, उजेडाकडे धरली आणि तिच्यातून आरपार बघितलं.

"ठकूबाई," ते म्हणाले, "मी हिला इतकी वर्षं धुतोय, पण इतकी स्वच्छ कधी बघितली नव्हती." आणि हे ते मनापासून म्हणत होते, त्यांचा सूर मला ठाऊक होता. मग त्याच सुरात म्हणाले, "फक्त हिला तेल लागेल. ओली असली तरच ती धूळ धरते."

ठकूबाई हुशार बाई. तिच्या चेहऱ्यावरचं कौतुक झरकन उतरलं. "म्हंजी म्या धुतली त्ये चुकलं?"

"धुतली ते बरोबरच. कोरडी राहिली एवढंच."

"इंजिनच्या ऑइलच्या टाकीतलं थोडं काढू या का?" मी सुचवलं. ती टाकीही तळाला गेली होती, छावणीतल्या ट्रॅक्टरवाल्याकडून भरून घ्यायची असं ठरलेलं.

"नाकासाठी रक्त काढायचं? नाही."

ठकूबाई आत गेली आणि एक बाटली घेऊन आली. करडईचं तेल, बाटलीत निम्म्याला. त्या साली गोडं तेल बघायला मिळायचं नाही. लोक भाकरीवर मीठ-मिरची घेऊन उठत होते. डॉक्टरांनी बाटलीकडे बघितलं आणि मग तिच्यामागच्या देव्हाऱ्याकडे. तिथली समई उघड्या दारातून दिसत होती.

"हे दिव्याचं आहे?"

"व्हय. फोडनीला कुठलं आलंय? देवापुरतं ठिवलंया."

"मग नको," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या पूजाअर्चा चालत आलेली. मी त्यांना अडखळताना पाहिलं ते तेव्हाच.

"घ्या म्हनते न्हवं! देव बसंल की अंधारात. मुक्या जनावराचा जीव गेल्यावर दिवा लावून काय त्येच्या तोंडाकडं बगायचं?" आणि त्यांनी हात पुढे करायच्या आत तिने बाटली भांड्यात उपडी केली.

डॉक्टरांनी जाळी त्यात बुडवली, फिरवली, निथळू दिली. शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबले, त्या दिवशीसुद्धा. डबा बसवला, पट्ट्या आवळल्या, किक मारली आणि तळहात दाबून धरला. इंजिन घुसमटलं, आचके देऊन बंद पडलं.

"आगं बया! मेली का काय?" ठकूबाईने छातीला हात लावला.

"मेली नाही, निरोगी आहे. कुठे फट असती तर चालूच राहिली असती." त्यांनी पुन्हा किक मारली.

त्या वाटेवर मला सारखा देवघराचा वास येत होता. मागे बसून मी थर्मासला मिठी मारलेली, पुढे डॉक्टर पाठीचा कणा ताठ ठेवून बसलेले, आणि त्या भुरकट डोंगरावर समईच्या तेलाचा वास. इंजिनाचा आवाज एकदाही जड झाला नाही. मला देवाधर्माचं फारसं कळत नाही, पण त्या दिवशी आमच्या बाजूने कोणीतरी आहे असं मला वाटलं, ते मी लपवणार नाही.

छावणीत पोचलो तेव्हा थर्मासमध्ये बर्फाचे तुकडे अजून तरंगत होते. डॉक्टरांनी घरघर लागलेली जनावरं वेगळी काढली, त्यांना औषध टोचलं, बाकीच्यांना लस. मी सुया उकळत होतो आणि ते दावणीमागून दावण संपवत होते. आजारी जनावरांच्या रांगेत एक उंच पांढरा बैल मान पुढे ताणून उभा होता. कपाळावर काळा चांद. डॉक्टर त्याच्यासमोर थांबले, नाकपुड्यांशी तळहात धरून डोळे मिटून उभे राहिले. इतका वेळ की मला वाटलं संपलं.

"भागवतराव, सूज गळ्यात आहे, पण श्वास दोन्हीकडून येतोय," ते म्हणाले. "सुई द्या."

काही जनावरं गेली. ज्यांना उशीर झाला होता ती गेली. पण साथ तिथेच थांबली आणि चांद्या उभा राहिला. परतीच्या वाटेवर ठकूबाई दारातच होती. डॉक्टरांनी गाडी थांबवायच्या आतच ओरडून सांगितलं, "श्वास घेतोय!" ती खाली बसली आणि पदराने तोंड झाकून रडली. मीही थर्मासच्या आडून डोळे पुसले.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण करडईचं तेल संपू देईना. उन्हाने आणि इंजिनाच्या धगीने ते वाळलं आणि जाळीवर सरसासारखं घट्ट बसलं. डॉक्टरांनी खिडकीतलं सगळं निवळलेलं रॉकेल ओतलं, ब्रशने घासलं, वहिनींचा सोडा पळवला. राप ढळेना. या माणसाला मी प्रथमच हरलेलं पाहिलं. मग ते एकदम उठले, जाळी धोतराच्या फडक्यात बांधली आणि म्हणाले, "चला, एस.टी.ने जायचं."

"मोटरसायकल?"

"नाकाशिवाय चालवू?"

तर आम्ही एस.टी.ने गेलो, फडक्यातली जाळी मांडीवर घेऊन, आणि फाट्यावरून तुडवत तुडवत वस्तीवर. ठकूबाईने जाळी हातात घेऊन नखाने खरवडून बघितली. "तेलच हाय की त्ये. कढईला बी असंच धरतं. ऱ्हावा जरा." चुलीतली राख, हाताला सोसेल इतकं कढत चमचाभर पाणी आणि काथ्या. डॉक्टर समोर बसून, मांडीवर हात ठेवून बघत होते. जाळी पुन्हा पहिल्यासारखी चकाकली.

त्यानंतर तो नियमच झाला. डोंगराकडे जायचं म्हटलं की डॉक्टर वस्तीवर थांबत, जाळी काढून तिच्या हाती देत. ती राखेने घासे, वाळवे. ऑइल डॉक्टर घालत. येताना ते एका छोट्या बाटलीत दिव्याचं तेलही घेऊन येत आणि देव्हाऱ्याजवळ ठेवून देत. मला मात्र घमेलं धरण्याच्या पुढे बढती मिळाली नाही. एकदा मी तक्रार केली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला सर्दी होते."

पाऊस आला, छावण्या उठल्या, चांद्या घरी आला. आणि डॉक्टरांची बदली झाली कोपरगावला. तिकडे गोदावरी, उसाची हिरवी शेतं, साखर कारखाने, काळी चिकट माती. बाकी कोणाला अशी बदली मिळाली असती तर त्याने पेढे वाटले असते. डॉक्टरांनी त्या दिवशी जाळी दोनदा धुतली.

वहिनी सामानाबरोबर ट्रकने पुढे गेल्या. डॉक्टर मोटरसायकलने निघाले आणि वाट वाकडी करून ठकूबाईच्या वस्तीवर आले. मी मागे बसलो होतो, तिथून मला फाट्यावर एस.टी. धरायची होती. चांद्या दावणीला रवंथ करत होता. डॉक्टरांनी त्याच्या नाकाशी तळहात धरला, मान हलवली, आणि जाळी काढून ठकूबाईला दिली.

तिने ती घासली, पदराने टिपली, वाळवली. आणि मग डॉक्टर उठायच्या आत तिने ऑइलचा डबा घेतला, भांड्यात बेताने ओतलं, जाळी बुडवून फिरवली आणि खुंटीला लावली. खाली वाकून शेवटचा थेंब पडतो का बघत उभी राहिली. डॉक्टरांनी तिला थांबवलं नाही. डबा बसवून पट्ट्याही तिनेच आवळल्या.

"कोपरगावला धूळ न्हाई म्हनत्यात," ती म्हणाली.

"नाही म्हणतात."

"मंग जाळी घासायचं काम न्हाई पडायचं. आमचं मानूस तिकडंच हाय. दिसलं तर सांगा, चांद्या खातोय म्हनावं."

"सांगतो," डॉक्टर म्हणाले.

त्यांनी किक मारली. इंजिन पहिल्या फटक्यात लागलं. मी थोडा बाजूला उभा होतो आणि सवयीने त्यांच्या उजव्या हाताकडे बघत होतो. हात हँडलवरून उठला नाही. समोरच्या वाटेकडे बघत ते तसेच निघायच्या बेतात होते. जो सोपस्कार एकदा तरी चुकावा असं मला वाटायचं, तो त्या दिवशी चुकत होता, आणि मला ते बघवेना.

ठकूबाई पुढे झाली. राखेने आणि ऑइलने माखलेला तळहात तिने डब्याच्या तोंडावर ठेवला आणि गच्च दाबून धरला. इंजिन घुसमटलं, दोन आचके दिले आणि बंद पडलं. वस्तीवर एकदम शांत झालं. चांद्याच्या गळ्यातली घंटा तेवढी वाजली.

"कुठं फट न्हाई, डाक्टर," ती हात न काढता म्हणाली. "निरोगी हाय. जावा आता बिनघोर."

मग तिने हात काढला. डॉक्टर त्या बंद गाडीवर तसेच बसून राहिले. पुन्हा किक मारायला त्यांना इतका वेळ लागलेला मी कधीच पाहिला नव्हता.